कोपरा गोल का करायचा?

कॉलेजात मी थ्रीडी प्रिंट केलेला पहिलाच ब्रॅकेट नेमका आतल्या कोपऱ्यात तुटला. तेव्हा कळलं, फिलेट म्हणजे नुसती सजावट नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लिबर्टी जहाजांना तडे गेले. त्यातले अनेक डेकवरच्या हॅचच्या चौकोनी कोपऱ्यातून सुरू झाले. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो, गोलाईत तो पसरतो.

तेव्हा ही गोलाई कंपासने काढायची; माप बदललं की खोडा आणि पुन्हा काढा! १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅडने रेषांमधली नाती संगणकाला शिकवली. १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर आलं. आता त्रिज्येचा आकडा बदला, कंस दोन्ही रेषांना अलगद जुळून नव्याने बसतो.

आकडा किती ठेवायचा, ते मात्र अजून आपणच ठरवायचं!