महापौर ला गार्डिया आणि न्यूयॉर्कचा नगरकारभार

नगराचा कारभार बिघडतो तो केवळ चार दुर्जनांमुळे, अशी पुष्कळांची समजूत असते. न्यूयॉर्क नगरीचा इतिहास काही निराळेच सांगतो. तो बोधप्रद वाटल्यावरून आम्ही ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने ठेवीत आहोत.

त्या नगरीत १७८९ साली टॅमनी नावाची संस्था स्थापन झाली. आरंभी ती निव्वळ बंधुसंस्था होती. पुढे ती तेथील डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रधार बनली. आयर्लंडातून आलेल्या दरिद्री कुटुंबांस नोकरी, हिवाळ्यात कोळसा, अडीअडचणीस पैसा हे सर्व टॅमनीचा पेठेतील पुढारी पुरवी, आणि मोबदला म्हणून मत मागे. प्लंकिट नामक अशा एका पुढाऱ्याची संभाषणे १९०५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आग लागलेल्या घरी आपण धर्मादाय संस्थांच्या आधी कसे पोहोचतो, हे त्याने तीत अभिमानाने सांगितले आहे. सरकारी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा घेण्याच्या पद्धतीवर मात्र त्याचा विलक्षण रोष होता. तो साहजिकच म्हटला पाहिजे. कारण परीक्षेने मिळालेल्या नोकरीबद्दल कोणी पुढाऱ्याचे ऋण मानीत नाही.

ह्या उपकारांची किंमत नगराच्या तिजोरीतून वसूल होई. ट्वीड ह्या पुढाऱ्याची लूट १८७१ साली उघडकीस आली व १८७८ साली तो तुरुंगात मरण पावला. तथापि संस्था टिकली. पुढे सेथ लो व जॉन मिचेल हे सुधारणावादी महापौर झाले, परंतु दोघांसही एकेकच कारकीर्द लाभली.

१९३० ते १९३२ ह्या काळात न्यायमूर्ती सॅम्युएल सीबरी ह्यांनी कसून चौकशी केली. वेतनाच्या कितीतरी पट रक्कम बँकेत कोठून आली, असे विचारता एका शेरीफाने ती घरातील पत्र्याच्या पेटीतून निघाल्याचे सांगितले! महापौर जिमी वॉकर ह्यांस सप्टेंबर १९३२ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

१९३३ च्या तिरंगी निवडणुकीत फियोरेलो ला गार्डिया विजयी झाले. पिता इटालियन, माता ज्यू. तरुणपणी एलिस बेटावर ते नवागतांचे दुभाषी होते. ज्यांना टॅमनीच्या दारी उभे राहावे लागे त्यांची दुःखे त्यांस ठाऊक होती. १ जानेवारी १९३४ रोजी त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा नगर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी खर्च आटोक्यात आणला, विक्रीकर बसविला आणि अधिकाधिक जागा परीक्षेने भरण्यास आरंभ केला. त्यामुळे वशिला नसलेल्या इटालियन व ज्यू तरुणांस नगराची नोकरी खुली झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट प्रतिपक्षाचे असूनही त्यांच्या शासनाच्या साह्याने पूल, उद्याने व गरिबांची घरे उभी राहिली. १९३६ साली मतदारांनी नवी सनद संमत केली. तदनुसार १९३८ पासून जुन्या आल्डरमन-मंडळाच्या जागी नवी नगरपरिषद आली.

ह्या पुरुषाचे दोषही सांगितले पाहिजेत. स्वभाव तापट, वागणे एकतंत्री. १९३५ च्या हार्लेममधील दंग्याविषयी स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. आपल्यामागे कार्य चालविणारा पक्षही त्यांनी उभारला नाही. १९४५ अखेर ते पायउतार झाले. त्यांच्यानंतरचे महापौर टॅमनीच्या पाठिंब्याने आले, आणि पोलिसांतील लाचलुचपत बाहेर येत असता १९५० साली त्यांनी पद सोडले. परंतु परीक्षेची पद्धती व नवी सनद टिकून राहिली. व्यक्ती गेली तरी नियम मागे उरला. स्वतः ला गार्डिया १९४७ साली वारले तेव्हा मागे एक गहाण घर व आठ हजार डॉलरचे रोखे एवढीच संपत्ती होती.

आता आमच्यापुरते. टॅमनीही एके काळी बंधुसंस्थाच होती, हे आपण विसरू नये. आपली ज्ञातिसंस्थाही विद्यार्थ्यांस साह्य करते, गरजूंस हात देते, आणि ते भूषणच होय. मात्र ते साह्य घेणाऱ्याने उद्या कोणास मत द्यावे हे जर आपण सांगू लागलो, किंवा आपला म्हणून अपात्रास पुढे ढकलू लागलो, तर आपणही त्याच वाटेस लागू. साह्य करावे ते मुलगा परीक्षेस समर्थपणे बसावा म्हणून. परीक्षा टळावी म्हणून नव्हे.