कबड्डीतील गुणगणना व खेळाडूचे मूल्यमापन : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत कबड्डीचे सामने भरविण्याची परंपरा आहे. स्पर्धेअखेर उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड व सर्वोत्कृष्ट खेळाडू अशी पारितोषिके दिली जातात. ती कशाच्या आधारे ठरावीत, हा प्रश्न केवळ करंडकापुरता मर्यादित नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी २००५ पासून ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ स्पर्धेतील यशावर व पर्यायाने संघनिवडीवर अवलंबून असतो. म्हणून कामगिरी मोजण्याच्या पद्धतीचा इतिहास तपासणे उचित ठरते.

गुणगणनेची वाटचाल

हुतूतूचे तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’त बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर राही व गुण लोणाचाच मिळे, तेथे एकट्याची कामगिरी वेगळी दिसत नसे. ‘अमर’मध्ये बाद खेळाडू मैदानातच राही व प्रत्येक बादाचा गुण मोजला जाई. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी पुन्हा मैदानात येई. आजचे नियम मुख्यतः याच पद्धतीवर आधारलेले आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने प्रत्येक चढाई व पकड खेळाडूच्या नावे नोंदविण्यास आरंभ केला. २०१७ च्या हंगामात प्रदीप नरवाल याने चढाईचे ३६९ गुण मिळविले. असा आकडा आता ग्रामीण प्रेक्षकांच्याही चर्चेचा विषय होतो.

आकड्यांची मर्यादा

या संदर्भात फुटबॉलचे उदाहरण उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप यांनी १९५० पासून सामन्यांतील हालचालींच्या नोंदी ठेवल्या. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, असे त्यांना आढळले व त्यावरून लांब पासांच्या खेळाचे समर्थन झाले. तथापि, मुळात बहुतेक चालीच तितक्या अल्प पासांच्या असतात, हे पुढील अभ्यासकांनी दाखविले. यशाची संख्या मोजली गेली, प्रयत्नांशी तिचे प्रमाण दुर्लक्षित राहिले.

कबड्डीतही हाच धोका संभवतो. समजा, एकाने २५ चढायांत ८ गुण व दुसऱ्याने १० चढायांत ६ गुण मिळविले. केवळ बेरीज पाहिल्यास पहिला श्रेष्ठ ठरेल. आघाडी टिकविण्यासाठी केलेली रिकामी चढाई संघाच्या हिताची असूनही तिचे मोल शून्य दिसते. पकडीत कोपऱ्यातील खेळाडू घोटा धरतो, साथीदार परतीची वाट अडवितात. गुण मात्र सामान्यतः एकाच्याच नावे जातो.

निष्कर्ष

नियम बदलले तसा गुणवान खेळाडूचा अर्थही बदलत गेला. गामिनीत संघ दिसे, व्यक्ती झाकली जाई. आजच्या तक्त्यात व्यक्ती दिसते, साथीदार झाकला जातो. पेण-रोह्यातील स्पर्धांत गुणलेखकाने गुणांसोबत चढायांची संख्या, त्या वेळी समोर असलेले गडी व पकडीतील साथीदार एवढ्या तीन नोंदी ठेवल्या, तरी निवड अधिक न्याय्य होईल. जाणकाराच्या नजरेची जागा आकडे घेऊ शकत नाहीत. परंतु त्या नजरेतून निसटलेल्या खेळाडूला ते पुरावा देऊ शकतात.