नरक्या आणि कॅम्प्टोथेसिन : एक ऐतिहासिक आढावा

पुण्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या रानात 'नरक्या' हा उग्र वासाचा लहान वृक्ष आढळतो. त्याच्या औषधी महत्त्वाचा इतिहास मात्र अमेरिकेत सुरू झाला. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून 'कॅम्प्टोथेसिन' हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड वेगळे केले. अर्काचा प्रत्येक अंश ल्युकेमियावर तपासून क्रियाशील तेवढाच पुढे न्यावयाचा, ही त्यांची पद्धती होती. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. परिणामी पुढील काळात लाकडासाठी नरक्याची बेसुमार तोड झाली. पानांतही हे द्रव्य असते, मात्र लाकडाहून कमी. वृक्ष राखावयाचा, तर हा तोटा सोसणे क्रमप्राप्त ठरते.