चष्मा उतरविणारा किरण

ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात त्या नगर जिल्ह्यांत मीं ३६ वर्षें मास्तरकी केली. फळ्यावरचें अक्षर दिसत नाहीं म्हणून 'ढ' ठरलेलीं मुलें मीं पाहिलीं. चष्मा मिळतांच तींच मुलें हुशार ठरलेलींहि पाहिलीं. गेल्या वर्षीं पाथर्डीकडील एक जुना विद्यार्थी आला. तो तालमींतला गडी. म्हणाला, "गुरुजी, कुस्तींत चष्मा चालत नाहीं. लेसरनें काढावा म्हटलें, तर डॉक्टर म्हणतात, पापुद्रा उचलण्याची शस्त्रक्रिया तुला नको. माझा डोळा नासला आहे काय ?" त्याच्या प्रश्नाचें उत्तर या विद्येच्या इतिहासांतच आहे.

डोळ्याच्या दर्शनी भागीं कॉर्निया नांवाचें पारदर्शक पटल असतें. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. परंतु प्रकाश वळविण्याचें सुमारें दोन-तृतीयांश काम तेंच करतें. ज्याला दूरचें दिसत नाहीं, त्याच्या डोळ्यांत प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. पटल मधोमध किंचित् चपटें केलें, कीं ती पडद्यावर सरकते.

पण चपटें करावें कशानें ? पुढें कोलंबियांत स्थायिक झालेले नेत्रवैद्य होसे बॅराकर यांनीं १९४९ सालीं पटलाचा आकार बदलण्याची कल्पना मांडली. हत्यार मात्र बोजड होतें. १९८१ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेंत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन् यांनीं सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर एक्सायमर लेसरचा अतिनील किरण सोडला. छेद पडला, कडा मात्र भाजल्या नाहींत. १९८३ सालीं स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्यांनीं त्यांच्या साहाय्यानें हा किरण पटलावर चालवून दाखविला.

त्यांतून तीन वाटा निघाल्या. पहिली पी. आर. के. : पटलावरची नाजूक त्वचा दूर सारून किरणानें पृष्ठभाग घडवावयाचा. त्वचा कांहीं दिवसांत पुन्हां येते. तोंवर वेदना सोसाव्या लागतात. दुसरी लॅसिक, ग्रीसच्या पॅलिकारिस यांनीं १९९० च्या सुमारास पुढें आणलेली : पटलाचा पापुद्रा बिजागरीसारखा उचलून, आंतील भाग घडवून तो परत झांकावयाचा. दुखणें थोडें आणि दृष्टि लवकर. परंतु जबर आघातानें पापुद्रा सरकण्याचें भय राहतें. तिसरी स्माइल, जिचे निष्कर्ष जर्मनीच्या सेकुंडो व ब्लूम यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केले : अतिशीघ्र लेसरनें पटलाच्या आंतच एक पातळ भिंग कोरून तें २ ते ४ मिलिमीटरच्या फटींतून ओढून काढावयाचें. येथें पापुद्राच नाहीं. मात्र ही रीत मुख्यतः दूरचें न दिसणाऱ्यांसाठीं आहे.

आतां माझ्या गड्याचा उलगडा झाला. डोळा नासला नव्हता. कुस्तींतल्या धक्क्यांमुळें त्याला पापुद्र्याची वाट नको होती. शिवाय त्याचा नंबर वर्षभरांत बदलला होता, म्हणून थांबावयास सांगितलें होतें. ज्यांचें पटल फार पातळ किंवा शंकूसारखें होत चाललें आहे, त्यांना तर यांपैकीं कोणतीहि वाट घातक ठरूं शकते. आणि चाळिशीनंतर वाचनासाठीं लागणारा चष्मा या शस्त्रक्रियांनीं टळत नाहीं.

म्हणून तपासणीअंतीं वैद्य 'नको' म्हणाले, तर रुसूं नये. तो नकारहि डोळा राखण्यासाठींच असतो. माझा विद्यार्थी तूर्त तालमीबाहेर निमूटपणें चष्मा लावतो आणि वाट पाहतो.