पिलाला हात लावण्याआधी

शंभर पुस्तकांची एक पेटी. साधारण पस्तीस वाचकांचा गट जमला की ती त्यांच्याकडे येते, गटानं आपसात वाचायची आणि चारेक महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलून घ्यायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं तेव्हा सगळा मामला एवढाच होता. प्रतिष्ठानचे विश्वस्त विनायक रानडे यांनी पैसे उभे करायची वाटही घरगुतीच काढली. वाढदिवसाला केक आणि गुच्छांवर उडणारे पैसे पुस्तकांसाठी द्या, असं ते मित्रांना सांगत सुटले. नाशिककरांनी दिले. वाढदिवस कुणाला चुकले आहेत?

नाशकात वाचनालयांची वाण होती असं नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पण शहर सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्यापर्यंत पसरलं, आणि नोकरी करून घरी आलेला माणूस पुस्तक बदलायला शालिमारपर्यंत जाईना. मग पुस्तकांनीच निघायचं ठरवलं. सोसायट्या झाल्या, रुग्णालयं झाली. २०१४ मध्ये पेटी दुबईला पोचली आणि पुढे जिथं जिथं मराठी घरं होती अशा इतर देशांतही. मुलांसाठी वेगळ्या पेट्याही निघाल्या. विस्ताराची ही कथा अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून इथं आवरती घेतो. मला जास्त मोलाचा वाटतो तो पेटीचा तुरुंगातला प्रवेश. नाशिकरोडच्या कारागृहातही पेट्या गेल्या, आणि मराठी मुलांना भूतदया शिकवणारं सगळ्यात मोठं पुस्तक नाशिकच्या तुरुंगातच लिहिलं गेलं आहे.

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. सविनय कायदेभंगात शिक्षा भोगणाऱ्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या सोमवारी पहाटे हातावेगळी केली. १९३५ साली पुस्तक बाहेर आलं. त्यातल्या बेचाळीस रात्रींपैकी नववी रात्र मोरी गाईची, अकराव्या रात्रीचं नावच ‘भूतदया’. आपण मोठी माणसं पुस्तकातलं आईचं मरण लक्षात ठेवतो. मुलं मात्र या रात्रींपाशी थांबतात.

‘भूतदया’मध्ये घडतं ते थोडकंच आहे. घरट्यातून पडलेलं पाखराचं पिलू मुलं उचलून आणतात. त्याला मऊ जागा करून देतात, चोचीत काहीबाही घालतात, पाणी पाजतात, पुन्हा पुन्हा जवळ जाऊन बघतात. पिलू जगत नाही. यात दुष्ट कुणीच नाही. कुणी दगड मारलेला नाही, गलोल नाही की पिंजरा नाही. आहे ती नुसती माया, आणि ती खोटीही नाही. तरी पिलू मेलं.

याच्या शेजारी रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ठेवून बघा. टिळकही विद्यार्थिदशेत नाशिकला राहिलेले, लक्ष्मीबाईंचं माहेर तर इथलंच, जलालपूरचं. त्या कवितेत जखमी पक्षीण कशीबशी घरट्यापाशी येते आणि पिलांना शेवटचा घास देते. शाळेत ती शिकवताना कित्येक पिढ्यांचे डोळे भरले असतील. पण तिथला अपराधी शिकारी आहे, म्हणजे आपण नव्हे. मूल रडतं आणि निर्दोष सुटतं. गुरुजींच्या गोष्टीत सुटका नाही. चूक श्यामच्याच हातून झाली आहे, आणि तीही प्रेमापोटी. माझ्या मते बालसाहित्यातली ही फार अवघड जागा आहे. पुढच्या बहुतेक बोधकथांनी ती टाळली आणि ‘मुक्या प्राण्यांना त्रास देऊ नये’ या पाटीवर भागवून घेतलं. पाटी वाचून कुणी मांजराच्या शेपटीला डबा बांधायचं सोडलं आहे, असं निदान माझ्या पाहण्यात नाही. इंग्लंडात ॲना सेवेलनं ‘ब्लॅक ब्यूटी’ १८७७ साली घोड्याच्या तोंडून सांगितली ती घोडे हाकणाऱ्या माणसांसाठी. मुलांनी ती पळवली, कारण तिच्यात पाटी नव्हती, घोडा होता.

म्हणून मुलांच्या पेटीत ‘प्राणिप्रेम’ असा वेगळा कप्पा करा, असं मी म्हणणार नाही. कप्पा केला की तो औषधासारखा पाजला जातो. गोष्टी, भुतं, विज्ञान यांच्या गर्दीत दोन-चार जनावरं हिंडती असली की पुरे. थोड्या मोठ्या मुलांसाठी विलास मनोहरांचं ‘नेगल’ असावं. हेमलकशाच्या प्राणी-अनाथालयातला हा बिबट्या. तिथं माणूस आणि जनावर एकमेकांच्या किती जवळ येतात आणि ती जवळीक किती जोखमीची असते, हे दोन्ही त्यात आहे. प्रकाश आमट्यांचं ‘रानमित्र’ही त्याच अंगणातलं. चितमपल्लींची पक्ष्यांवरची पुस्तकं मुलांना जड जातील असं म्हणतात. जाऊ देत. सगळं कळावं असा वाचनाचा नियम कुठं आहे?

बिबट्याचं नाव काढलं की नाशिक जिल्ह्यात कान टवकारतात, आणि ते रास्तच आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या शेतकऱ्यानं जनावरं गमावली आहेत. काही घरांनी माणसंही. त्यांना दयेचे धडे देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाच नाही. पण त्याच उसात तोडणी चालू असताना बिबट्याचे बछडे सापडतात, मांजराच्या पिलांएवढे. पहिली धाव मोबाइलकडे, दुसरी उचलून घेण्याकडे. वन विभागाची माणसं येतात. बछडे तपासून, जिथं सापडले तिथंच क्रेटमध्ये ठेवतात, टोमॅटो-द्राक्षांच्या मळ्यात असतो तसल्याच. कॅमेरा लावतात आणि लोकांना लांब पाठवतात. बहुतेकदा रात्री मादी येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. गर्दी हटली नाही, तर पिलं हाताळली गेली म्हणून नव्हे, माणसांच्या वावरामुळे ती जवळ येत नाही. तिला पिलं मिळाली नाहीत तर ती चवताळते, आणि मग वस्तीवरची माणसंच धोक्यात येतात.

श्यामला जे पिलू मेल्यावर उमगलं, ते या शिवारातल्या मुलाला आधी ठाऊक असायला हवं. वनरक्षकाच्या सूचनेपेक्षा ते गोष्टीतून लवकर पोचतं, कारण सूचना मोठ्यांना दिली जाते आणि बछडे आधी दिसतात ते उसाच्या कडेला खेळणाऱ्या पोरांना. त्यांत ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचीही पोरं असतात. त्यांचा मुक्काम कोपीत असतो, शाळेचा पट दुसऱ्याच गावात. ती कुठल्या गटात बसत नाहीत आणि चार महिन्यांनी पेटी बदलायची वेळ येईतो गाव सोडून गेलेली असतात. पंधरा वर्षांहून अधिक चाललेल्या या उपक्रमाच्या पुढल्या टप्प्यात फडावरची पेटी धरावी, असं मला वाटतं. शंभर नकोत, वीस पुस्तकं चालतील, चित्रांची जास्त. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी निघाली पाहिजे.