संशयाचा फायदा

न्यायालयांत आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. इतिहासाच्या दरबारांत मात्र तो क्वचितच मिळतो. छत्रपति संभाजीमहाराजांचेंच उदाहरण घ्या. १६८९ सालीं औरंगजेबाने त्यांचा वध करविला. त्यांच्याविषयीं पुढें दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली बखर मल्हार रामराव चिटणिसांनीं त्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहिली. या चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांस महाराजांनीं १६८१ सालीं देहान्त शासन दिलें होतें. साक्षीदाराचें हें नातें फारसें कोणीं तपासलें नाहीं. आणि व्यसनी, अविचारी राजाचें चित्र नाटक-कादंबऱ्यांतून घरोघर पोंचलें. वा. सी. बेंद्रे यांनीं समकालीन कागदपत्रें धुंडाळून १९६० सालीं महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें तें पालटूं लागलें.

परंतु येथेंच एक पथ्य पाळावयास हवें. चिटणिसांनीं जाणूनबुजून खोटें लिहिलें, असें तरी आपण कशावरून म्हणावें? घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें गेलेलें दुःखच त्यांस सत्य वाटलें असेल. राजाला दिलेला संशयाचा फायदा बखरकाराला नाकारला, तर आपण न्याय केला नाहीं. केवळ आरोपी बदलला.