'मल्च' म्हणजे नेमकं काय? एका शब्दामुळे झालेली चूक

संशोधनाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. तुमच्याकडून ती होऊ नये, म्हणून आज तिच्याबद्दल.

विषय होता अमेरिका आणि कॅनडातल्या ग्रेट प्लेन्स या गवताळ मैदानांवरची कोरडवाहू शेती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शेतकी पुस्तिका चाळताना 'मल्च' हा शब्द जागोजागी दिसला. मी लगेच वहीत लिहिलं: 'आच्छादन शेतकऱ्यांना आधीपासून माहीत होतं. मग १९३० च्या दशकात एवढी माती उडाली कशी?' प्रश्न बरोबर होता, पण त्यातला 'आच्छादन' हा शब्द चुकीचा होता.

मल्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पालापाचोळा, काड किंवा प्लॅस्टिकचा कागद येतो. त्या पुस्तिकांतलं मल्च मात्र मातीचंच होतं. दक्षिण डकोटातले हार्डी वेबस्टर कॅम्पबेल हे या पद्धतीचे मोठे प्रचारक. त्यांचं म्हणणं साधारण असं: जमिनीतलं पाणी बारीक नळ्यांतून चढावं तसं वर येतं आणि उडून जातं. म्हणून पाऊस पडला की वरचा थर ढवळून भुसभुशीत करा, म्हणजे त्या नळ्या तुटतील आणि ओल खालीच राहील. या मोकळ्या थराला 'डस्ट मल्च', म्हणजे धुळीचं आच्छादन, म्हणत.

आपल्याकडे 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात, त्यामागची कल्पना हीच आहे. पण आपली कोळपणी उभ्या पिकात होते. तिकडे पडीक ठेवलेलं रान वर्षभर पुन्हा पुन्हा ढवळलं जाई. त्यावर ना पीक, ना गवत, ना धसकट. स्वच्छ, काळंभोर रान ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानली जाई. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, पुढे ट्रॅक्टर आले आणि नांगराखालचं क्षेत्र भराभर वाढलं. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला, आणि ओल धरण्यासाठी बारीक केलेली माती वाऱ्याला आयतीच मिळाली. १४ एप्रिल १९३५ चं वादळ 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखलं जातं. त्याच महिन्यात अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला.

यानंतर कागदपत्रांत 'मल्च'चा अर्थ सरकताना दिसतो. नेब्रास्कात ड्यूली आणि रसेल या संशोधकांनी १९३८ पासून 'स्टबल मल्च'वर काम सुरू केलं. स्टबल म्हणजे कापणीनंतर उरलेली गव्हाची धसकटं. कॅनडात अल्बर्टातल्या चार्ल्स नोबल यांनी त्याच दशकात जमिनीखालून चालणारं रुंद पातं बनवलं. ते तणांची मुळं कापतं, पण वरची धसकटं जागेवर ठेवतं. आपल्या कुळवाच्या फाशीची आठवण होते ना? मलाही झाली. पण साम्य दिसलं म्हणजे उगम एक, असं लिहायचं नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो.

आता मुख्य अडचण: वाऱ्यात हे आच्छादन टिकणार कसं? सुटं काड पसरलं तर तेही उडतं. उत्तर वजनात नव्हतं, मुळांत होतं. धसकटाची मुळं मातीत रोवलेली असतात, म्हणून ते जागचं हलत नाही. शिवाय उभी धसकटं जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग कमी करतात. साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे कण वाऱ्याने उड्या मारत जातात आणि आपटून आणखी माती उडवतात. ती साखळी इथे तुटते. डब्ल्यू. एस. चेपिल यांनी १९४० च्या दशकात वातबोगद्यांच्या साहाय्याने मातीच्या या हालचालीचा बारकाईने अभ्यास केला.

कॅनडात या पद्धतीला 'ट्रॅश फार्मिंग' असंही नाव पडलं. ट्रॅश म्हणजे कचरा! ज्या पिढीने स्वच्छ रानाचा अभिमान बाळगला, तिने आता कचरा शेतात ठेवायचा होता. केवळ नवं अवजार आणून भागणार नव्हतं, चांगली शेती कशी दिसते ही समजूतच बदलायची होती. माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न मला इथे सापडला.

माझी चूक दुरुस्त झाली ती अगदी साध्या कामाने. 'मल्च' हा शब्द आला ते प्रत्येक वाक्य तारखेसह एका तक्त्यात उतरवलं आणि शेजारी एक रकाना केला: 'कशाचं आच्छादन? माती की धसकट?' दोन आठवडे गेले, पण वरवर सलग दिसणाऱ्या त्या इतिहासात मधोमध एक उलथापालथ आहे, हे दिसलं.

डिजिटल संग्रहात शब्द टाकला की शेकडो पानं क्षणात समोर येतात. ती मोजण्याआधी निदान वीस तरी पूर्ण वाचा. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयातला सगळ्यात ओळखीचा शब्द घ्या आणि त्याच्यासाठी असाच एक तक्ता करून बघा.